गुत्तेदार यादीला बसले

माझ्या मामानं स्वतः बांधलेली भिंत स्वतःच्या हातानं पाडली, त्या दुपारी मी तिथं होते. अंबड तालुक्यातल्या एका गावच्या शाळेची कुंपणभिंत होती ती. ओळंब्यात सरळ, पाणी मारून मारून पक्की केलेली. मामा छोटा गुत्तेदार. आमच्याकडं कंत्राटदार हा शब्द कागदावर असतो, बोलताना गुत्तेदारच. त्याच्या गवंड्यांनी पहार हातात घ्यायला नकार दिला, म्हणून पहिला घाव त्यानंच घातला.

भिंत कच्ची नव्हती. ती नुसती दुसऱ्या जागी होती. आखणी झाली तेव्हा नकाशाप्रमाणं जमिनीवर पांढऱ्या फक्कीची रेघ मारली होती. तेव्हाचे इंजिनिअर साइटवर आले, रेघेत येणारं लिंबाचं झाड त्यांनी बघितलं, बुटानं रेघ पुसली आणि टाचेनंच थोडी अलीकडं दुसरी ओढली. "इथून घ्या मामा, झाड कशाला तोडता?" म्हणणं चांगलंच होतं. मामानं तिथून घेतली. मग त्या इंजिनिअरची बदली झाली. नवे आले, त्यांनी नकाशा उलगडला आणि विचारलं, भिंत इथं कशी? मामानं जुन्यांना फोन लावला. ते खोटं बोलले नाहीत. "मी सांगितलं होतं हे खरं आहे," ते म्हणाले, "पण आता दाखवायला काय आहे? तुमच्याकडं लेखी काही आहे का?"

लेखी काहीच नव्हतं.

"तेव्हाच कामून लिहून घेतलं न्हाई तुम्ही?" मी मामाला विचारलं. तो डोक्यापासून पायापर्यंत सिमेंटच्या धुळीनं भरला होता.

"तो कोण लागतो माहीत हाय ना तुला? तुझ्या मामीच्या चुलतबहिणीचा जावई. जावयाला लेखी मागू? उद्या त्यांच्या दारात कोणत्या तोंडानं उभा राहू?"

मला राग आला. राग मला लवकर येतो, आणि आला की मी लिहायला बसते. हे दोन्ही घरचंच. जुन्या जालन्यात माझ्या वडिलांचं छोटं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका आणि बिलबुकं पोटासाठी, पत्रकं मनासाठी. सळईच्या कारखान्यातल्या कामगारांची पत्रकं, पाण्याच्या टँकरसाठीची, हुंड्याविरुद्धची. छापताना बिघडलेले कागद घरी यायचे आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहायची. गमभन नीट गिरवता येण्याआधी मला 'जाहीर निषेध' वाचता येत होतं. वडिलांचा एक नियम होता. पत्रक लिहून आणणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायचे, एका पत्रकात एकच मागणी. दोन घातल्या तर वाचणारा त्यातली सोपी निवडतो आणि अवघड विसरतो.

मी पुढं सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि जिल्ह्यातल्या छोट्या गुत्तेदारांच्या संघटनेच्या कार्यालयात लागले. निविदांची कागदपत्रं तपासायची, अर्ज लिहून द्यायचे, सभासदांचे फोन घ्यायचे. मामाच्या भिंतीनंतर तिथल्या टेबलावर मी एक पान तयार केलं. त्याला नाव दिलं 'बदलाचा कागद'. कामात काय बदललं, कोणी सांगितलं, कशामुळं, आणि त्यानं दिवस आणि खर्च किती वाढला. खाली दोन सह्या, सांगणाऱ्याची आणि करणाऱ्याची. मागणी एकच होती: सही झाल्याशिवाय बदललेल्या कामाला हात लावायचा नाही.

संघटनेच्या अध्यक्षांना आम्ही सगळे काका म्हणतो. चष्मा कपाळावर ठेवून त्यांनी ते पान वाचलं.

"चांगलं हाय. पण कोणी भरणार न्हाई."

"कामून?"

"चाळीशीच्या वरचा एक गुत्तेदार दाखव मला, जो इंजिनिअरला म्हणल की साहेब, सही करा मंग करतो." मग त्यांनी पान खाली ठेवलं. "असं कर. यंदाचं चर्चासत्र तू घे. सिमेंटवाले येतात, टोप्या वाटतात, लोक जेवतात अन् गाडीला किक मारतात, हे दरवर्षीचं झालं. तू ह्या विषयावर घे. जेवणानंतर लोक बसले अन् त्यांनी हात वर केले, तर हा कागद संघटनेच्या शिक्क्यानं सगळ्या सभासदांना लागू करू. खुर्च्या रिकाम्या दिसल्या तर हा विषय परत माझ्यासमोर आणायचा न्हाई. बिलकुल न्हाई."

"कबूल," मी म्हणाले. भाषण माझ्या डोक्यात तेव्हाच सुरू झालं होतं.

त्या भाषणाची रंगीत तालीम मी कार्यकारिणीसमोर केली. पडद्यावर कायद्याची कलमं दाखवली, मोठ्या लाल अक्षरात. आवाज चढवला. 'तोंडी हुकूम म्हणजे गुलामी' असं एक वाक्य होतं, त्यावर मी मूठसुद्धा आपटली. मूठ आपटली तेव्हा खजिनदार दचकून जागे झाले आणि त्यांनी विचारलं, "बुंदी ठेवायची की जिलबी?"

संघटनेचे सल्लागार म्हणून एक निवृत्त उपअभियंता येतात. सगळे त्यांना साहेब म्हणतात, अजूनही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, तू भाषण करून राह्यली की भांडण?"

"साहेब, ह्यात चूक काय आहे ते सांगा."

"चूक काहीच न्हाई. कलम बराबर हाय. पण हे कलम करारात हाय, हे ह्या सगळ्यांना माहीत हाय. मलाही माहीत होतं, नोकरीत होतो तवा. मी काय कमी रेघा पुसल्या का बुटानं?"

बाकीचे हसले. मी नाही हसले. पण घरी जाताना रिक्षात बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मी सगळी तयारी भलत्याच प्रश्नाची केली होती. ज्यांना माहीत आहे त्यांना मी माहिती देत होते, तीही ओरडून.

पुढचे काही दिवस मी फक्त फिरले. भोकरदनला गेले, अंबडला गेले, घनसावंगीकडच्या साइटा बघितल्या. प्रत्येक गुत्तेदाराला एकच विचारलं, बदल लेखी कामून घेत न्हाई? उत्तरं ऐकून वही मिटावी वाटायची. एकाचा इंजिनिअर त्याच्या साडूचा भाऊ होता. एकाचा मालक त्याच्याच गावचा, पंगतीला शेजारी बसणारा. एक जण तर चक्क रागावला. "ताई, लेखी चोराकडून घेतात. आमी घरचे लोक." जिल्हा केवढा? तीन प्रश्न विचारले की दोन अनोळखी माणसांत सोयरीक निघते. आणि सोयरीक निघाली की कागद मागणं म्हणजे तोंडावर चोर म्हणणं. कायद्याला इथं कोणी घाबरत नव्हतं. सगळे व्याह्याच्या कपाळावरच्या आठीला घाबरत होते.

त्या आठीवर माझ्याकडं एकही पत्रक नव्हतं.

पिंपळगाव रेणुकाईला ज्याला भेटायला गेले तो गुत्तेदार साइटवर नव्हता. त्याचा मिस्त्री म्हणाला, "भाऊ यादीला गेलेत, पुतणीच्या. तुमी तिकडंच जा ना, चहा तरी भेटल." म्हणून मी गेले. अंगणात सतरंजी अंथरलेली, एका बाजूला मुलाकडचे, समोर मुलीकडचे, मध्ये एक मास्तर कागद-पेन घेऊन. लग्नाआधीची ही बैठक आमच्याकडं घरोघर होते. लग्नात कोणी काय करायचं ते दोन्हीकडचे ठरवतात आणि एका कागदावर लिहितात. मांडव मुलीकडं. वाजंत्री मुलाकडं. शालू मुलाकडं. जेवण मुलीकडं. कडेला बसून मी चहा पीत होते. मनात साइटचेच विचार होते.

तेवढ्यात मुलाचे वडील म्हणाले, "आमची अजून एक गाडी वाढंल बरं का वऱ्हाडाची. कारखान्यातले लोक हाईत."

"वाढू द्या की, आमाला काय! पण लिहा मास्तर," मुलीचे वडील म्हणाले. "दोनची तीन लिहा. अन् इवाई, हितं बाजूला सही करा तुमी."

आणि त्या व्याह्यानं हसत सही केली. मास्तरांनी जुनी ओळ खोडली, नवी वर लिहिली, दोघांच्या सह्या तिच्याशेजारी घेतल्या. मग सगळी यादी पहिल्यापासून मोठ्यानं वाचून दाखवली. कागदाला हळदी-कुंकू लावलं. दोन्ही म्हातारे उठून एकमेकांच्या गळ्यात पडले.

माझा चहा निवला होता. ही तीच माणसं होती! व्याह्याकडून, म्हणजे जगातल्या सगळ्यात नाजूक नात्यातल्या माणसाकडून, भर अंगणात, पाच जणांसमोर, बदल लिहून घेत होती, सही घेत होती, आणि कोणाच्या कपाळावर आठी नव्हती. उलट लिहिलं नसतं तर आठी पडली असती. शाळेची भिंत पाडणारा माझा मामासुद्धा आमच्या सगळ्या भावकीत याद्या वाचायला बोलावला जातो, कारण त्याचा आवाज खणखणीत आहे आणि तो एक ओळ सोडत नाही.

मी उठणार होते तेवढ्यात मास्तरांनी शेवटची ओळ परत वाचली. "नवरदेवास मोटारसायकल. वधूपक्ष."

पेढा आला तो मी घेतला नाही.

घरी आल्यावर वडिलांना सगळं सांगितलं. "सापडलं होतं मला," मी म्हणाले. "आणि ज्या कागदावर सापडलं त्याच्याविरुद्धची पत्रकं वाचून मी मोठी झालेय. त्या कागदावर पोरीच्या बापाचा खिसा उलटा करतात. तो मी स्टेजवर आणायचा? माझ्या चर्चासत्रात?"

वडील कागदाची रीम सोडत होते. "मशीन एकच हाय आपलं," ते म्हणाले. "त्याच्यावर हुंड्याविरुद्धचं पत्रक छापलं मी, अन् हुंडा घेणाऱ्यांच्या लग्नपत्रिकाही छापल्या. मशीनला दोष दिला का तू कधी?"

"पत्रिकांसाठी तुम्हाला दिला होता."

"हा, दिल्ता," ते हसले. "मंग तुझ्या यादीत गाडीची ओळ घालू नको. बास."

मी रात्रीच्या जेवणापर्यंत वाद घातला. हरले असं म्हणणार नाही; पण भाजी वाढताना मी त्यांना विचारलं की यादीसारखी निमंत्रणं छापायला किती दिवस लागतील.

आता मामा हवा होता. चर्चासत्रात यादी दुसऱ्या कोणी वाचली असती तर ते नाटक झालं असतं. मामानं वाचली तर ती यादीच ठरणार होती. मी अंबडला गेले. तो ओट्यावर बसला होता. भिंतीनंतर तो साइटवर कमी आणि ओट्यावर जास्त दिसायचा.

"तुझ्या सेमिनारात माझी भिंत दाखवून राह्यली असशील तर मी येत न्हाई," मी काही बोलायच्या आधीच तो म्हणाला.

"भिंतीचा एक शब्द निघणार न्हाई. मी तुम्हाला यादी वाचायला बोलवायला आले."

"कोणाची यादी?"

"शाळेच्या दोन खोल्यांची. मालक पक्ष आणि गुत्तेदार पक्ष."

त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला समजायला वेळ लागला नाही, तो हुशार माणूस आहे. मामी आतून म्हणाली, "यादीला बोलावणं आलं तर न्हाई म्हणू नये हो." मामानं टोपी काढली, झटकली, परत घातली. "कोणत्या वारी हाय?" त्यानं विचारलं.

तयारीतलं सगळ्यात मोठं भांडण जेवणावरून झालं. काका म्हणाले, जेवण शेवटी ठेव, आपोआप बसतील. खजिनदारांनाही ते पटलं. मी नाही म्हणाले.

"अगं पोरी, तुझ्याच भल्याचं सांगतो!"

"काका, उपाशी धरून ठेवलेल्या माणसाचा हात मला नको. जेवून, पोट भरून, गाडीची चावी खिशात असताना तो हात वर करणार असेल तर करू दे. नाहीतर तो उद्या साइटवर पहिल्याच बदलाला गप्प बसेल, आणि म्हणेल, तिथं तर जेवणासाठी हात वर केल्ता."

काका साहेबांकडं वळले. "साहेब, हिला समजवा."

"मी कशाला समजवू?" साहेब म्हणाले. "मला मालक पक्षात बसवलंय तिनं. मी सोयऱ्याचा माणूस आता."

स्टेज मी काढून टाकलं. पुढच्या खुर्च्या काढल्या, तिथं सतरंजी, समोरासमोर लोड-तक्के. पडदा नाही, लाल अक्षरं नाहीत. निमंत्रणं वडिलांनी पिवळ्या कागदावर छापली आणि त्यावर 'मालक पक्ष व गुत्तेदार पक्ष यांची बैठक' असं टाकलं. खाली मी एक ओळ घातली: साइटचा हिशेब ज्या घरात बाई ठेवते, तिथून बाईनंही यावं. ह्या ओळीवर कार्यकारिणीत अर्धा तास गेला. ओळ राहिली.

त्या दिवशी मंगल कार्यालय भरलं, त्यात नवल नव्हतं. सकाळी ते दरवर्षीच भरतं. संभाजीनगरहून आलेल्या वकीलबाईंनी करारातलं बदलाचं कलम सोप्या भाषेत सांगितलं, मुदतवाढ कधी मिळते ते सांगितलं, आणि ठरल्याप्रमाणं वेळेत थांबल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग पुरी, वांग्याची भाजी, मठ्ठा आणि बुंदी.

मी जेवले नाही. मी दारात उभी होते आणि हात धुऊन बाहेर पडणारी माणसं बघत होते. अंगणात पहिल्या मोटारसायकलला किक बसली. मग दुसरीला. एक जण मला म्हणाला, "लई छान झालं ताई," आणि हेल्मेट घातलं. आत काका घड्याळाकडं बघत होते. त्यांना आनंद होत नव्हता, एवढं मी त्यांच्याबद्दल सांगेन.

तेव्हा स्पीकरमधून मामाचा आवाज आला. कसलीही प्रस्तावना नाही.

"यादी वाचून राह्यलो. दोन्ही पक्षांनी बसून घ्यावं."

आमच्याकडं यादी वाचायला लागली की उठून जात नाहीत. उठून जाणं म्हणजे सोयरीक मोडणं. हे कोणी शिकवत नाही. लहान पोरांनाही त्या वेळी गप्प करतात. अंगणातल्या माणसांना सोयरीक कोणाची, मुलगी कोणाची, काहीच कळलं नव्हतं. पण हेल्मेटवाला थांबला. त्यानं आत डोकावलं. गाडी बंद करण्याचा आवाज आला, मग दुसऱ्या गाडीचा. "कोणाची यादी हाय रे?" "काय माहीत, चला तर." आणि माणसं आत यायला लागली, हात पुसत, सुपारी चघळत.

"दोन खोल्या, एक व्हरांडा. जागा मालक पक्षाची. पाया नकाशाप्रमाणं, गुत्तेदार पक्षाकडं," मामा वाचत होता. भोकरदनचा एक गुत्तेदार त्या बाजूला बसला होता, समोर साहेब लोडाला टेकून. मी आधीच सांगून ठेवलं होतं की मध्येच कोणीही बदल ओरडावा. पहिला ओरडला खजिनदारच.

"खाली पाणी लागलं! पाया खोल घ्यावा लागतो!"

"करून टाका हो पाहुणं," साहेब हात झटकून म्हणाले, अगदी खऱ्या साहेबासारखं. "बघू नंतर."

मामा थांबला. त्यानं यादी मांडीवर ठेवली. "कोणी सांगितलं?" त्यानं विचारलं.

"मी," साहेब म्हणाले.

"कशामुळं?"

"पाणी लागलं म्हणून."

"दिवस किती वाढले? खर्चा कोणाकडं?"

साहेब गडबडले, की गडबडल्यासारखं केलं, मला आजही सांगता येत नाही. मागून कोणीतरी ओरडलं, "ओ साहेब, व्याह्यासमोर का गप झाले?" सगळं कार्यालय हसलं. मामा हसला नाही. त्यानं ती ओळ खोडली, नवी लिहिली, पेन साहेबांपुढं धरलं. "इवाई, हितं बाजूला सही करा."

साहेबांनी सही केली आणि त्या सहीला टाळ्या पडल्या! मग बदलांचा पाऊसच सुरू झाला. खिडकी पूर्वेला घ्या. सळई जाड वापरा. सरपंच म्हणतात ओटा वाढवा. "सरपंच कोणत्या पक्षात हाईत?" मामानं विचारलं. "कोणत्याच न्हाई!" "मंग त्यांचं ऐकून घ्या, यादीत न्हाई येत." एका कोपऱ्यातून प्रश्न आला, "अन् नवरदेवाला गाडी?" ह्याचं उत्तर मीच दिलं, उभी राहून. "गाडी मागणाऱ्याची सोयरीक मोडली!" बायका ज्या बाजूला बसल्या होत्या तिथून सगळ्यात मोठा हशा आला.

पण मला ज्याची भीती होती तो प्रश्न यायचाच होता. मंठ्याकडचे एक वयस्क गुत्तेदार उठले. ते हसत नव्हते. "खेळ चांगला हाय," ते म्हणाले. "पण खरं बोलतो. मी उद्या असा कागद पुढं केला तर साहेब सही करल, अन् पुढच्या टायमाला काम दुसऱ्याला देईल. मंग तुमी येणार का माझ्या घरी?"

सगळ्यांची डोकी माझ्याकडं वळली. माझ्याकडं ह्या जागेसाठी आख्खं भाषण होतं, शोषण आणि स्वाभिमान असलेलं. ते मी गिळलं. वडिलांकडं येणाऱ्या कामगारांच्या तोंडून लहानपणापासून जे ऐकलं होतं तेवढंच मी त्यांना म्हणाले. "काका, एकट्यानं मागितलं तर तुम्ही उद्धट ठरता. सगळ्यांनी मागितलं तर ती रीत होते. यादी एकाच्याच घरी होत असती तर त्यालाही लोकांनी नावं ठेवली असती."

ते बसले नाहीत, पण मान हलली. आणि मागच्या रांगेतून एक तरुण उठला. कुठल्याशा कार्यालयात शाखा अभियंता होता, मित्राबरोबर नुसता जेवायला आल्ता, असं त्यानंच सांगितलं. "मी समोरच्या पक्षातला," तो म्हणाला. "तोंडी सांगतो मी पण. पुन्हा वरून मलाही विचारतात की हे कोणी सांगितलं, आणि मग मीही हात झटकतो. कागद आणला तर मी सही करीन. मला वाईट वाटणार नाही."

मामा त्याच्याकडं बघत राहिला, जरा जास्तच वेळ. मग मान खाली घालून त्यानं पुढची ओळ शोधली. त्याचा आवाज त्या एका ओळीपुरता खणखणीत नव्हता.

"अध्यक्ष, यादी पे शादी करून टाका आता!" कोणीतरी ओरडलं. बैठकीतच लग्न लावून मोकळं होण्याला आमच्याकडं तसं म्हणतात. काका उठले. त्यांनी माझा बदलाचा कागद हातात घेतला. "हा कागद सगळ्या सभासदांना लागू. ज्यांना मान्य हाय त्यांनी—"

"थांबा!" मंठ्याचेच गुत्तेदार. "सही झाल्याशिवाय कामाला हात लावायचा न्हाई म्हणता. मध्येच पाणी फुटलं, बाजूची भिंत खचायला लागली, तर सही घ्यायला जालन्याला पळू का? अशा वेळी काम आधी, सही दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आत. तसं लिहा."

माझी एकच मागणी होती, आणि ते तिलाच फाटे फोडत होते. मी तोंड उघडलं. मामानं पेन उचललं. "कोणी सांगितलं?" त्यानं विचारलं, यादी वाचतानाच्या त्याच सुरात.

"मी."

"कशामुळं?"

"माणसं मरतील म्हणून."

उत्तर बरोबर होतं. मामानं माझ्या सुबक छापलेल्या कागदावर आडवी रेघ मारली, वर नवी ओळ लिहिली आणि पेन माझ्यापुढं केलं. "हितं बाजूला सही कर. हा तुझा कागद हाय, अन् त्यांनी बदलायला लावलाय. दोघांची लागंल."

मी सही केली. मंठ्याच्या काकांनी केली. मामानं सगळा कागद पहिल्यापासून मोठ्यानं वाचला, खोडलेल्या ओळीसकट, आणि शेवटी विचारलं, "दोन्ही पक्षांना मान्य?"

हात वर आले. आधी पुढचे, मग बायकांच्या बाजूचे सगळे एकदम, मग मागचे, खांबाला टेकून उभे असलेल्यांचे, दारात चपला घालून उभे असलेल्यांचे. मी मोजले नाहीत. काकांनीही मोजले नाहीत. त्यांनी पिशवीतून शिक्का काढला. म्हणजे ते शिक्का घेऊनच आले होते. ठसा उमटला तो खोडलेल्या ओळीच्या बरोबर खाली. साहेबांनी कुठूनतरी कुंकवाची डबी मिळवली होती, आणि कोणी नको म्हणायच्या आत कागदाच्या चारही कोपऱ्यांना बोटं लागली.

त्यानंतर कोणी उठेना. यादी संपल्यावर दोन्ही पक्ष बोलत बसतात तसे ते बसले. कोणी कोरे कागद मागत होतं, कोणी मामाभोवती उभं होतं, मंठ्याचे काका त्या तरुण इंजिनिअरला त्याचं गाव विचारत होते. मांडववाल्याला संध्याकाळी दुसरीकडं खुर्च्या पोचवायच्या होत्या. तो बराच वेळ दारात ताटकळला आणि शेवटी माझ्याकडं आला.

"ताई, उठवा ना जरा यांना. जल्दी हाय मला."

"मी नाही उठवणार," मी म्हणाले, आणि त्याच्याच एका खुर्चीवर बसून बुंदीचं ताट मागवलं.